सीमेची हमी

कलनशास्त्राच्या अगदी आरंभी विद्यार्थ्यापुढे एक साधे फलन मांडले जाते: अंशस्थानी क्षचा वर्ग वजा ९, छेदस्थानी क्ष वजा ३. क्षला ३ ही किंमत द्यावी तर वर शून्य आणि खाली शून्य, आणि शून्याने भागू नये हा तर शाळेतला दंडकच. म्हणून अंशाचे अवयव पाडावयाचे, क्ष वजा ३ हा सामाईक अवयव दोन्हीकडून काढून टाकावयाचा, उरलेल्या क्ष अधिक ३ मध्ये ३ घालावयाचे आणि ६ हे उत्तर लिहून मोकळे व्हावयाचे. या चार ओळींत दोन परस्परविरोधी कबुल्या आहेत. अवयव काढून टाकताना क्ष हा ३ नाही असे आपण गृहीत धरले, कारण तसे नसते तर तो भागाकारच निषिद्ध होता. आणि पुढच्याच ओळीत क्ष हा ३ आहे असे धरून किंमत घातली. चौकस विद्यार्थी येथे हरकत घेतो. ती हरकत रास्त असते, आणि तरीही ‘पुढे समजेल’ एवढ्या आश्वासनावर ती दप्तरदाखल करण्याची जी वहिवाट आपल्या वर्गांतून पडून गेली आहे, ती त्या विद्यार्थ्यावर अन्याय करणारी आहे असे माझे मत आहे. कारण ज्या प्रश्नाने न्यूटनपासून वायरश्ट्रासपर्यंत जवळजवळ दोन शतके गणितज्ञांना स्वस्थ बसू दिले नाही, तोच प्रश्न त्याने आपल्या बुद्धीने पहिल्याच दिवशी विचारलेला असतो.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘लीलावती’ या भागात शून्याचे परिकर्म सांगताना अशी सूचना केली आहे की, एखाद्या राशीला शून्याने गुणावयाचे असून पुढे आणखी क्रिया शिल्लक असतील, तर गुणाकार तेथेच उरकून शून्य लिहू नये; शून्य हा गुणक तसाच शेजारी राखून ठेवावा, आणि मागाहून शून्य हा भाजक म्हणूनही आला तर राशी अविकृत राहिली असे समजावे. लगेच त्यांनी उदाहरण घातले आहे: अशी कोणती संख्या, की जिला शून्याने गुणून, त्यात त्याचेच अर्धे मिळवून, तिप्पट करून, शून्याने भागले असता ६३ येतात? गुणाकार आधीच उरकला तर सर्वत्र शून्यच उरते आणि संख्येचा मागमूसही लागत नाही. शून्य राखून ठेवले तर संख्या आणि तिचे अर्धे यांची तिप्पट ६३, म्हणून ती दोन्ही मिळून २१, आणि संख्या १४. या कृतीत आजच्या अर्थाची सीमा आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण त्या शून्याला शेवटपर्यंत शून्य म्हटले आहे, त्याच्या जवळ जाणाऱ्या राशींचा तेथे विचार नाही. परंतु शून्यास शून्याने भागण्याचा प्रसंग येतो तेव्हा तो कोणत्या वाटेने आला हे विसरून निकाल देऊ नये, ही जाण त्या उदाहरणात निःसंशय आहे. आणि ग्रहगणितात या गणिताचा मोठा उपयोग होतो असे आचार्यांनी तेथेच सांगून ठेवले आहे. चंद्राची गती दिवसाच्या दिवसात इतकी पालटते, की साऱ्या दिवसाची सरासरी गती घेऊन तिथी संपण्याची वेळ नेमकी काढता येत नाही; म्हणून त्या क्षणापुरती जी गती, तिला त्यांनी तात्कालिक गती म्हटले आणि ती काढण्याची रीतही दिली. आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे मठ स्थापिला, त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. क्षणाच्या गतीचा विचार सह्याद्रीच्या पायथ्याशी पाठशाळेत शिकविला जात होता, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानापेक्षाही जिज्ञासेने पाहावी अशी आहे.

त्याहून पुष्कळ आधी आर्किमिडीजने याच अडचणीला वेगळ्या बाजूने वळसा घातला होता. अन्वस्ताचा छेद किती क्षेत्र व्यापतो हे काढताना त्याने आत एक त्रिकोण बसविला, उरलेल्या जागांत लहान त्रिकोण बसविले, त्यांच्या उरल्या जागांत आणखी लहान. प्रत्येक टप्प्यावर मिळणारे नवे क्षेत्र आधीच्या एकचतुर्थांश. पहिला त्रिकोण १ धरला तर बेरीज १, अधिक एकचतुर्थांश, अधिक एकषोडशांश अशी वाढत जाते. चार पदे घेतली की १.३२८१२५ होतात, आणि त्यांत शेवटच्या पदाचा तृतीयांश मिळविला की बरोबर चारतृतीयांश. कितीही पदांवर थांबले तरी हा हिशेब असाच जुळतो. बेरीज ‘अनंतापर्यंत नेली’ असे आर्किमिडीज कोठेही म्हणत नाही. क्षेत्र चारतृतीयांशाहून अधिक आहे असे माना, विरोध येतो. उणे आहे असे माना, तरीही विरोध येतो. म्हणून ते तितकेच आहे, असा त्याचा युक्तिवाद असतो. वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती बसवून परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर त्याने ३ पूर्णांक १०/७१ आणि ३ पूर्णांक १/७ यांच्यामध्ये कोंडले, तीही याच वृत्तीची कृती: नेमके उत्तर हाती नसेल तर ते दोन बाजूंनी बांधून टाकावे. पुढे जी व्याख्या झाली तिचा गाभा या दुहेरी कोंडीत आहे.

केरळातील माधव आणि त्याचे शिष्यप्रशिष्य यांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे जे काम केले, ते ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या सोळाव्या शतकातील मलयाळम् ग्रंथात उपपत्तीसह नोंदलेले आहे. एकापासून एखाद्या मोठ्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज करून तिला त्या मोठ्या संख्येच्या वर्गाने भागावे: दहापर्यंत ०.५५ येते, शंभरापर्यंत ०.५०५, हजारापर्यंत ०.५००५. संख्या वाढेल तसा अर्ध्यावरचा हा जादा अंश नगण्य होतो हे ओळखून, आणि वर्ग, घन इत्यादींच्या बेरजांना तोच न्याय लावून, त्यांनी वर्तुळाच्या परिघाची अनंत श्रेढी मिळविली: १ वजा एकतृतीयांश अधिक एकपंचमांश वजा एकसप्तमांश, याप्रमाणे. ही श्रेढी इतकी मंद आहे की हजार पदे घेतल्यावरही तिच्या चौपटीने ३.१४०५९ इतकेच मिळते. आणि माधवाच्या परंपरेची खरी थोरवी मला यात दिसते, की कोठेही थांबले असता किती चूक शिल्लक राहते याचा त्यांनी स्वतंत्र विचार करून शेवटच्या पदासाठी दुरुस्तीही देऊन ठेवली. अनंत प्रक्रियेला नुसता प्रणाम न करता तिच्या उरलेल्या चुकीचा जमाखर्च मांडणे, हेच सीमेच्या शास्त्राचे मुख्य काम आहे.

युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूटन आणि लाइब्निट्स यांनी कलनाचे यंत्र उभे केले आणि ते इतक्या सफाईने चालू लागले, की त्याच्या पायाची चौकशी करावयास कोणाला फुरसत उरली नाही. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त अंतिम गुणोत्तरांविषयी लिहिताना पुष्कळच सावधगिरी बाळगली होती; अंतिम गुणोत्तर म्हणजे अंतिम राशींचे गुणोत्तर नव्हे, तर कमी होत जाणाऱ्या राशींची गुणोत्तरे ज्याच्या वाटेल तितक्या जवळ येतात ती मर्यादा, अशा आशयाचा खुलासा त्याने केला. पण प्रत्यक्ष हिशेबात अनंतसूक्ष्म राशी आधी शून्येतर म्हणून भाजक होत आणि मग शून्य म्हणून टाकल्या जात. १७३४ साली बिशप बर्कली याने ‘ॲनालिस्ट’ या पुस्तिकेत नेमके याच दुटप्पीपणावर बोट ठेवले. ज्यांचा धर्मश्रद्धेला आक्षेप आहे ते स्वतः किती गोष्टी श्रद्धेने पत्करतात हे दाखविण्याचा त्याचा हेतू होता. हेतू काहीही असो, तक्रार तर्कदृष्ट्या अचूक होती. मॅक्लॉरिनने १७४२ साली ग्रीक पद्धतीने सविस्तर उत्तर दिले, दालांबेरने सीमा हाच खरा पाया असल्याचे फ्रेंच विश्वकोशात बजावले, आणि लाग्रांझने १७९७ च्या ग्रंथात सीमा आणि अनंतसूक्ष्म या दोन्हींना फाटा देऊन प्रत्येक फलन घातश्रेढीत मांडता येते असे मानून इमारत उभारली. हा शेवटचा प्रयत्न फार सुंदर होता. परंतु प्रत्येक फलनाला तशी श्रेढी असतेच असे नाही आणि असली तरी ती त्याच फलनाकडे परत नेईलच असेही नाही, हे कोशीने पुढे उदाहरणाने दाखविले आणि तो मार्ग बंद झाला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सीमेची काटेकोर व्याख्या संशोधकांच्या एकांतातून जितकी निपजली, त्याहून अधिक ती अध्यापकाच्या गरजेतून निपजली. लाग्रांझचा ग्रंथ पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकमधील व्याख्यानांशी निगडित होता. कोशीचा १८२१ चा ‘कूर दानालीझ’ हा त्याच संस्थेतील विद्यार्थ्यांसाठी सिद्ध झाला. वायरश्ट्रास हा दीर्घकाळ माध्यमिक शाळेत शिकवून मग बर्लिनला आला, आणि त्याच्या व्याख्या छापील ग्रंथांपेक्षा त्याच्या विद्यार्थ्यांनी उतरून घेतलेल्या टिपणांतूनच प्रथम पसरल्या. डेडेकिंडला १८५८ साली झ्यूरिकमध्ये कलनाचे प्राथमिक पाठ देतानाच जाणवले की, संख्यांच्या सलगपणाचा पायाच आपल्याला सांगता येत नाही. एकटा प्रागचा बोल्झानो याला अपवाद. तो धर्मशास्त्राचा अध्यापक होता, १८१७ साली त्याने सातत्याची जवळजवळ आजचीच व्याख्या छापली, आणि तिची दखल घ्यावयास पुढची पिढी यावी लागली. सांगावयाचे ते हे की, ही व्याख्या प्रगत विद्यार्थ्यांपुरती राखून ठेवण्याजोगी चैन आहे असे जे मानले जाते, त्याला इतिहासाचा आधार नाही. नवख्या विद्यार्थ्याला खरे उत्तर देण्याच्या निकडीतूनच ती घडली.

आता ती व्याख्या. जुनी भाषा गतीची होती: क्ष हा ३ कडे जातो, क्षचा वर्ग ९ कडे जातो. या भाषेत चालणे आहे, वेळ आहे, आणि ‘शेवटी पोहोचतो की नाही’ हा निष्फळ वाद आहे. वायरश्ट्रासने गती काढून टाकली आणि तिच्या जागी हमीपत्र ठेवले. क्षचा वर्ग हे फलन घ्या आणि ३ जवळ त्याची सीमा ९ आहे असा दावा करा. प्रतिपक्षाने यावे आणि चूक किती खपवून घेईन ते सांगावे. या खपवून घ्यावयाच्या चुकीला एप्सिलॉन म्हणतात. दावा करणाऱ्याने उत्तरादाखल ३ च्या दोन्ही अंगांना एक अंतर नेमून द्यावे, त्याला डेल्टा म्हणतात, आणि अशी हमी घ्यावी की क्ष हा ३ पासून या अंतराच्या आत कोठेही असला, मात्र खुद्द ३ नसला, तर त्याचा वर्ग ९ पासून सांगितलेल्या चुकीहून दूर जाणार नाही. समजा प्रतिपक्षाने ०.०१ सांगितली. क्षचा वर्ग आणि ९ यांतील फरक म्हणजे क्ष वजा ३ आणि क्ष अधिक ३ यांचा गुणाकार. क्ष हा २ आणि ४ यांच्या दरम्यान ठेवला तर दुसरा गुणक ७ च्या आत राहतो. तेव्हा पहिला गुणक ०.०१ च्या सप्तमांशाहून लहान ठेवला की काम झाले, आणि ०.००१४ हे अंतर पुरते. पडताळा पाहा: ३.००१४ चा वर्ग ९.००८४०१९६. उद्या प्रतिपक्षाने ०.०००००१ सांगितली तरी गडबड नाही. तिचाही सप्तमांश घ्यावयाचा. एकाच सूत्राने सर्व मागण्यांची तरतूद झाली, आणि कोणतीही मागणी फेटाळावी लागली नाही, एवढाच ‘सीमा ९ आहे’ या वाक्याचा अर्थ. यात अनंतसूक्ष्म राशी नाही, चालणारा बिंदू नाही, अंतिम क्षण नाही. आहेत त्या केवळ साध्या असमता, ज्या दहावी उत्तीर्ण मुलाला सोडविता येतात.

‘मात्र खुद्द ३ नसला’ या अटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि आरंभीच्या शंकेचे उत्तर तर तिच्यातच आहे. क्षचा वर्ग वजा ९ भागिले क्ष वजा ३ हे फलन आणि क्ष अधिक ३ हे फलन ३ हे एक ठिकाण सोडून सर्वत्र एकच आहेत. सीमा त्या एका ठिकाणाची चौकशीच करीत नाही. म्हणून दोन्हींची सीमा एकच असली पाहिजे. अवयव काढून टाकणे येथवर विधियुक्त ठरले. पुढची ओळ, जेथे ३ ही किंमत घातली, ती भागाकाराच्या नियमाने घातलेली नाही, तर क्ष अधिक ३ हे फलन ३ वर संतत आहे या स्वतंत्र आधारावर घातलेली आहे: संतत याचा अर्थच असा की तेथील सीमा आणि तेथील प्रत्यक्ष किंमत या एकच निघतात. दोन ओळींत दोन वेगळी कलमे लागू झाली. विरोध नव्हता, फक्त दुसऱ्या कलमाचा उल्लेख गाळला होता. हे चार वाक्यांचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळते, आणि त्यामुळे सीमा म्हणजे अवयव पाडण्याचा एक प्रकार अशी समजूत घेऊन मुले वरच्या वर्गात जातात.

दुसरी घातक समजूत कोष्टकांनी उत्पन्न होते. ज्या क्ष (साइन क्ष) भागिले क्ष याची शून्याजवळची सीमा समजाविताना क्षला ०.५, ०.१, ०.०१ अशा किमती देऊन ०.९५८९, ०.९९८३, ०.९९९९८ हे आकडे मांडतात आणि ‘म्हणून सीमा १’ असे लिहितात. आकडे खरे आहेत. ‘म्हणून’ खोटे आहे. ज्या (पाय भागिले क्ष) हे फलन घ्या आणि त्याच तऱ्हेने १, ०.१, ०.०१, ०.००१ या किमती द्या: प्रत्येक वेळी शून्य येते, कारण कोन प्रत्येक वेळी पायच्या पूर्ण पटीत पडतो. कोष्टकावरून सीमा शून्य ठरेल; वस्तुतः शून्याच्या कितीही जवळ हे फलन १ आणि उणे १ यांच्यामध्ये अगणित वेळा हेलकावे घेते आणि त्याला सीमाच नाही. अर्ध्या एककाच्या चुकीची हमी मागा, ती कोणालाही देता येणार नाही. पहिल्या फलनाची गोष्ट निराळी, कारण तेथे वर्तुळखंड आणि त्याच्या आतबाहेरचे त्रिकोण यांच्या क्षेत्रांची तुलना करून असे सिद्ध होते की ते गुणोत्तर नेहमी कोज्या क्ष आणि १ यांच्या दरम्यान सापडते, आणि कोज्या क्ष स्वतः १ कडे आवळत आल्यावर त्याला सुटका राहत नाही. आर्किमिडीजची दुहेरी कोंडी ती हीच. मात्र कोन अंशांत न मोजता त्रिज्यीत मोजला पाहिजे, नाहीतर सीमा पाय भागिले १८० निघते. ही सूचना शिक्षकाने दर वर्षी द्यावी.

आता सातत्य. ज्याचा आलेख लेखणी न उचलता काढता येतो ते फलन संतत, असे सांगण्याचा प्रघात आहे. साध्या उदाहरणांत तो निभावतो. टपालहशील वजनाच्या टप्प्यांनी वाढते, टप्प्याच्या सीमेवर आलेख तुटतो, आणि तेथे सातत्य नाही हे डोळ्यांना दिसते. पण सातत्य ही एकेका बिंदूची गोष्ट आहे, सबंध रेषेची नव्हे, आणि लेखणीच्या भाषेत हे सांगताच येत नाही. टोमेने १८७५ साली दिलेले फलन पाहावे: क्ष अपरिमेय असेल तर किंमत शून्य, आणि क्ष हा अतिसंक्षिप्त अपूर्णांक असेल तर किंमत एक भागिले त्याचा छेद. म्हणजे अर्ध्यावर अर्धा, दोनतृतीयांशावर एकतृतीयांश, सातशतांशावर एकशतांश. कोणताही अपरिमेय बिंदू घ्या आणि शतांशाची हमी मागा. शंभर किंवा त्याहून लहान छेदांचे अपूर्णांक त्याच्या आसपास मोजकेच असतात. त्यांना सर्वांना वगळणारे अंतर नेमता येते, आणि त्या अंतरात फलनाची किंमत शतांशाच्या आतच राहते. अर्थात हे फलन प्रत्येक अपरिमेय बिंदूवर संतत आहे आणि प्रत्येक परिमेय बिंदूवर असंतत. त्याचा आलेख कोणतीही लेखणी काढू शकणार नाही. उलट प्रश्न केला, की केवळ परिमेय बिंदूंवर संतत आणि इतरत्र असंतत असे फलन आहे काय, तर व्होल्तेराने १८८१ साली उत्तर दिले की तसे असूच शकत नाही. परिमेय आणि अपरिमेय यांच्या वाट्याला आलेला हा पक्षपात मला प्राथमिक विश्लेषणातील सर्वांत विस्मयकारक गोष्टींपैकी एक वाटतो. त्याच्यासाठी हमीच्या व्याख्येपलीकडे फारशी सामग्रीही लागत नाही.

लेखणीची भाषा दुसऱ्या टोकालाही तुटते. संतत वक्राला, काही तुरळक कोपरे सोडले, तर सर्वत्र स्पर्शिका असणारच अशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्वसाधारण समजूत होती, आणि आम्पेरने १८०६ साली ती सिद्ध करण्याचाही प्रयत्न केला होता. १८७२ साली वायरश्ट्रासने बर्लिनच्या अकादमीपुढे असे फलन ठेवले की जे सर्वत्र संतत आहे आणि एकाही बिंदूवर त्याला अवकलज नाही. बोल्झानोच्या कागदपत्रांत असेच एक उदाहरण त्याच्याही चाळीसेक वर्षे आधीचे निघाले, पण ते प्रसिद्ध झाले विसाव्या शतकात.

सातत्याचे सर्वांत उपयुक्त फळ म्हणजे मधल्या किमतीचे प्रमेय: संतत फलन एका टोकाला उणे आणि दुसऱ्या टोकाला अधिक असेल तर मध्ये कोठेतरी ते शून्य झालेच पाहिजे. ‘हे तर दिसतेच आहे’ असे म्हणून सारे पुढे जात असता बोल्झानोने ते सिद्ध करावयास घेतले, यात त्याची दृष्टी दिसते. क्षचा वर्ग वजा २ हे फलन १ वर उणे आणि २ वर अधिक आहे. १.४ आणि १.५, मग १.४१ आणि १.४२, मग १.४१४ आणि १.४१५ असे अंतर आवळत जावे, १.४१४ चा वर्ग १.९९९३९६, १.४१५ चा २.००२२२५. परंतु आपल्या पदरी केवळ परिमेय संख्या असत्या, तर ही कोंडी ज्याच्याभोवती आवळली जाते तेथे काहीच सापडले नसते. फलन संतत असूनही उणेवरून अधिकवर गेले असते आणि शून्याला स्पर्शले नसते. तेव्हा हे प्रमेय फलनाच्या गुणावर जितके, तितकेच संख्यांच्या सलगपणावर अवलंबून आहे. तो सलगपणा म्हणजे काय हे बोल्झानोला गृहीत धरावे लागले. १८७२ च्या पुस्तिकेत डेडेकिंडने परिमेय संख्यांचे दोन भाग पाडणारा प्रत्येक छेद ही एक संख्या असे मानून ते सांगितले, आणि त्याच वर्षी कँटरने दुसऱ्या मार्गाने. या प्रमेयाचा व्यत्यास मात्र खरा नाही: मधल्या सर्व किमती घेणारे फलन संतत असलेच पाहिजे असे नाही, हे दार्बूने १८७५ साली दाखवून दिले.

उरला तो हमीतील क्रमाचा प्रश्न; त्यात खुद्द कोशीची चूक झाली. संतत फलनांच्या अभिसारी श्रेढीची बेरीज संततच असते असे त्याने १८२१ च्या ग्रंथात सिद्ध केल्यासारखे लिहिले. १८२६ साली आबेलने नम्रपणे लिहिले की या प्रमेयाला अपवाद आहेत, आणि ज्या-फलनांची एक श्रेढी पुढे केली, जिची बेरीज ठराविक अंतरांनी उडी घेते. मर्म समजण्यास त्याहून साधे उदाहरण पुरे: क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन अशी फलने ० ते १ या टप्प्यात घ्या. १ वर सर्व घात १ च राहतात. त्याच्या आत कोठेही ते शून्याकडे उतरतात. पण उतरण्याचा वेग सर्वत्र सारखा नाही. घात शतांशाखाली यावा म्हणून ०.९ ला ४४ वा घात पुरतो, ०.९९ ला ४५९ वा लागतो, ०.९९९ ला ४६०३ वा. प्रत्येक बिंदूला आपापली मुदत आहे, पण सर्वांना मिळून पुरेल अशी एक मुदत नाही. ‘प्रत्येक बिंदूसाठी एक मुदत’ आणि ‘सर्व बिंदूंसाठी एकच मुदत’ ही दोन विधाने बोलताना सारखी वाटतात. त्यांतील शब्दांचा क्रम बदलला की प्रमेय खरे ठरते किंवा कोसळते. स्टोक्स आणि झायडेल यांनी १८४७–४८ च्या सुमारास हा भेद पकडला, कोशीने स्वतः १८५३ साली आपले विधान दुरुस्त केले, आणि वायरश्ट्रासच्या शिष्यवर्गात एकरूप अभिसरण हे नाव रूढ झाले. सातत्यालाही हाच भेद लागू आहे. एक भागिले क्ष हे फलन ० आणि १ यांच्या दरम्यान प्रत्येक बिंदूवर संतत आहे, पण शून्याकडे सरकावे तसे नेमून द्यावयाचे अंतर आकसत जाते आणि सर्वांना पुरणारे एकही उरत नाही. टोके धरून घेतलेल्या मर्यादित टप्प्यावर मात्र प्रत्येक संतत फलनाला असे सामाईक अंतर असतेच, हे हाइनेने १८७२ साली मांडले.

याच्यानंतर अनंतसूक्ष्म राशी कायमच्या हद्दपार झाल्या असे मानले गेले. पण १९६० च्या आगेमागे अब्राहम रॉबिन्सनने तर्कशास्त्राच्या साधनांनी त्यांची संख्याव्यवस्था निर्दोषपणे उभी केली, १९६६ साली त्यावर ग्रंथ लिहिला, आणि १९७६ साली काइस्लरने त्या पद्धतीचे प्राथमिक पाठ्यपुस्तकही दिले. लाइब्निट्सला न्याय मिळाला याचा आनंद आहे. तथापि त्या राशींचे अस्तित्व सिद्ध करण्यास जी सामग्री लागते ती नवख्याच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा त्याला पुन्हा श्रद्धेवरच चालावे लागते, आणि असमतांची हमी त्याला स्वतः तपासता येते, हा फरक मला निर्णायक वाटतो.

आपल्याकडे कलनाचे मराठी अध्यापन तसे अर्वाचीन नाही. बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘शून्यलब्धिगणित’ लिहिले तेव्हा कोशीच्या ग्रंथाला पंचवीस वर्षेही झाली नव्हती. आज अकरावीच्या वर्गात सीमा शिकवावयाच्या तर मी क्रम असा ठेवीन: आधी अवयव काढण्याची शंका उघडपणे फळ्यावर मांडावी, मग पाय भागिले क्ष याच्या ज्येचे कोष्टक विद्यार्थ्यांकडूनच करवून त्यांना फसू द्यावे, मग क्षच्या वर्गाची हमी एका संख्येने, मग दुसऱ्या संख्येने, आणि सर्वांत शेवटी अक्षराने तपासावी. टोमेचे फलन परीक्षेला नसले तरी दाखवावे. मधल्या किमतीच्या प्रमेयाची सिद्धता पदवीच्या वर्गांसाठी राखून ठेवण्यास हरकत नाही. मात्र ते केवळ परिमेय संख्यांवर खोटे ठरते, ही गोष्ट दोनच्या वर्गमुळाचे उदाहरण देऊन त्याच तासाला सांगितली पाहिजे.